शेवटच्या कडव्यातली रुख्मिणी

बालमित्रांनो, खामगावच्या कापूसबाजारामागे एक पत्र्याची खोली आहे. तिथे रिकाम्या पोत्यांखाली दबलेली, पायाने चालवायची छपाईची जुनी मशीन म्हणजे मीच. माझ्यावर आता कोंबड्या बसतात. त्यांचा मला राग नाही, त्या निदान माझ्याकडून काही छापून घेत नाहीत.

मी विलायतेत ओतली गेले. बोटीने मुंबईला, आगगाडीने जलंबला आणि तिथून फुटणाऱ्या फाट्याच्या रेल्वेने खामगावला आले. मालक उत्तमरावांनी मला हळदकुंकू वाहिले. लग्नपत्रिका, जिनिंगच्या पावत्या, औषधांच्या जाहिराती मी धडाधड छापल्या. दसऱ्याला माझ्या चाकाला झेंडूची माळ असायची आणि लोक म्हणायचे, "अशी सफाईदार छपाई अकोल्यातही होत नाही." मी फुगून जायची.

पण माझे खरे पोट भरायचे ते गाण्यांच्या पुस्तकांवर. विक्रेते जत्रेत गाणी म्हणून ती पुस्तके खपवत. त्या धंद्याची एक रीत होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ज्याचे नाव, गाणे त्याचे. म्हणून विक्रेते दुसऱ्याचे पुस्तक आणायचे, शेवटच्या कडव्यातले नाव काढून आपले घालायचे आणि मागच्या पानावर ऐटीत छापायचे, 'सर्व हक्क स्वाधीन'. असे करू नये म्हणून सरकारचा कायदा होता. तो कोणी पाळत नव्हते आणि न पाळल्याची लाजही कोणाला वाटत नव्हती.

एकदा डोणगावची कौशल्याबाई आली. तिची लेक रुख्मिणी लोणारला दिली होती. भुलाबाईच्या सणाला पोरी माहेरी येतात, गाणी म्हणतात, डब्यात झाकून आणलेली खिरापत ओळखतात. रुख्मिणीला सासरच्यांनी पाठवले नाही. ती तापाने फणफणली तेव्हाही नाही. आईला निरोप मिळाला तो सगळे उरकल्यावर. त्या दुःखातून कौशल्याबाईने भुलाबाईचे एक गाणे जुळवले होते. तिला लिहिता येत नव्हते. ती गात गेली आणि उत्तमराव अक्षरांचा एकेक खिळा उचलून जुळवत गेले. शेवटचे कडवे असे होते :

वाट पाहता पाहता निजली रुख्मिणी,
भुलाबाई माय, तिले घेऊन ये अंगणी.

"तुह्यं नाव कुठी टाकू?" उत्तमरावांनी विचारले.

"माह्यं कायले? पोरीचं हाय ना. पोरी गातीन तवा तिचं नाव निंघीन तोंडातून. मले तेवढंच पाह्यजे. कोणी उतरून घेतलं तरी घेऊ द्या."

मित्रांनो, ते कागद छापताना मला पहिल्यांदा आपल्या कामाचा अभिमान वाटला.

पुढच्याच हंगामात इंद्रभान नावाचा विक्रेता तेच गाणे घेऊन आला. शेवटच्या कडव्यात रुख्मिणीचे नाव पाहून त्याला वाटले, ही गाणे रचणारी बाई. त्याने रीतीप्रमाणे ते नाव काढायला सांगितले आणि नवे कडवे दिले :

गाणं जोडलं हे इंद्रभानानं गुणी,
भुलाबाई माय, नांद आमच्या अंगणी.

उत्तमरावांचे हात क्षणभर थबकले. मग म्हणाले, "सगळेच करतेत." आणि माझा पायटा मारायला लागले. इंद्रभान पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरायचा. वर्षभरात त्याचे पुस्तक मेहकरापासून मलकापुरापर्यंत गेले.

कौशल्याबाई पुन्हा आली तेव्हा तिला ओळखणे अवघड होते. ती खाली बसली आणि म्हणाली, "माह्याच अंगणात पोरी गाऊन राह्यल्या होत्या. रुख्मिणीचं नावच नाही. म्या म्हटलं, अवं, हे असं नाही. तं त्या पुस्तक दाखवतेत. म्हणतेत, छापेल हाय, तूच भुलली असशीन. काऊन काढलं हो भाऊ तिचं नाव?"

शेजारी शालिग्राम वकील चहा पीत बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"बाई, दावा लावता येते. पण तो जिल्ह्याच्या कोर्टात लागते आणि गाणं तुमचं हाय याचा पुरावा लागते; कागदावर तं तुमचं नावच नाही. आणि कायदा पुस्तकाच्या खपाचं नुकसान पाह्यते. पोरीचं नाव गेलं, याले त्याच्यात कलम नाही."

"असा कायदा बदलून काऊन नाही टाकत?"

"जो कोणी पाळतच नाही, तो बदला म्हणून कोण ओरडीन?" वकील म्हणाले.

कौशल्याबाई उत्तमरावांकडे वळली. "मंग तुम्ही माह्यं गाणं जसंच्या तसं परत छापून द्या."

उत्तमरावांनी मान खाली घातली. "आता नाही जमत, माय. इंद्रभाननं हक्क आपल्या नावानं छापून घेतले. तुह्यं छापलं तं तो माह्यावरच दावा ठोकीन."

ऐकलेत ना? ज्या कायद्याला त्या बाजारात आजवर कोणी विचारले नव्हते, त्याची आठवण झाली ती नेमकी कौशल्याबाईला आडवे यायला. माझा संताप संताप झाला. पण लोखंडाच्या संतापाला कोण भीक घालतो?

कौशल्याबाई म्हणाली, "नुसतं नाव तरी छापून द्या. त्याच्यावर तं कोनाचा हक्क नाही?"

उत्तमरावांनी जाहिरातीचे मोठे खिळे काढले. एका कोऱ्या कागदावर मी 'रुख्मिणी' एवढेच छापले. तिला ते वाचता येत नव्हते. ओली शाई लागू नये म्हणून कागद दोन्ही हातांत धरून ती बाजाराकडे गेली. पुन्हा ती आली नाही.

मित्रांनो, कायदा बदला असे मी मोठ्यांना सांगून थकले. गाणी उतरवून घ्यायला कौशल्याबाईची कधीच ना नव्हती, त्याला खुशाल मोकळीक द्या. पण कोणाचे नाव पुसू नका, आणि कोणी पुसले तर त्याच्याविरुद्ध एखाद्या अडाणी आईलाही गावातल्या गावात दाद मागता यावी, एवढे त्यात लिहा. तुम्ही मोठे झालात की कदाचित लिहाल.

तोवर दर भादव्यात मागच्या बोळात मुली ते गाणे म्हणतात. आवाज गोड आहेत त्यांचे. शेवटचे कडवे आले की मी जिवाचा कान करून ऐकते, आणि मुली इंद्रभानाचेच नाव घेऊन खिरापत ओळखायला बसतात.