पडणाऱ्या वेटरचा चाहता

जो सिनेमा बघून तिकीट फाडणाराही जांभया द्यायचा, तो जाड्याला हमखास आवडायचा. पडेल विनोदी सिनेमे म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्यातल्या एकात एक वेटर होता. सूप घेऊन यायचा, त्याचे गुडघे दुमडायचे, कोसळता कोसळता तो स्वतःची कॉलर नीट करायचा आणि मगच आडवा व्हायचा. हिरोकडे बघतंय कोण! त्या वेटरसाठी जाड्या अख्खा रटाळ सिनेमा पुन्हा पुन्हा बघायचा.

"आवडही तुझ्यासारखीच, बिनकामाची," भावोजी म्हणायचे.

भावोजी म्हणजे बहिणीचा नवरा आणि धंद्यातला उस्ताद. घरमालक सांगेल ती खोली रिकामी करून द्यायची, हा धंदा. भाडेकरू मुकाट्यानं निघाला तर ठीक, नाहीतर त्याचं हाड मोडायचं. जाड्या फटके मारायचा आणि भावोजी रुबाब मारायचे.

त्या दुपारची खोली वरच्या मजल्यावर होती आणि भाडेकरू एकटा म्हातारा. भावोजींनी जाड्याच्या हातात लोखंडी पाइप दिला.

"उजवा हात मोड. मी जिन्यात थांबतो," असं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

"मी आता या वयात कुठं जाऊ?" म्हाताऱ्यानं विचारलं. जाड्यानं उत्तर म्हणून त्याच्या कानाखाली सणसणीत वाजवली. ओठ फाटला, हनुवटीवर रक्त आलं. म्हाताऱ्याचे गुडघे दुमडले, आणि कोसळता कोसळता त्यानं कॉलर नीट केली.

जाड्या त्याचा चेहरा निरखू लागला. "तुम्ही... तो सूपवाला वेटर?"

"तू बघितलास तो सिनेमा?" म्हातारा जमिनीवरूनच म्हणाला. "तो कुणीच बघितला नव्हता रे."

आपण कुणावर हात टाकला, या विचारानं जाड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खाली वाकून कुजबुजला, "मी गादी बडवतो, तुम्ही ओरडा. हात झोळीत बांधून निघून जा. खोली जाईल, पण हात तरी वाचेल."

आणि सुरू झालं. जाड्यानं गादीतला कापूस बाहेर काढला, स्टूल भिंतीवर आपटून फोडलं, कपाटाची काच फोडली. म्हातारा असा काही किंचाळत होता की खुद्द जाड्याच्या अंगावर काटा आला. जिन्यातून भावोजींचा आवाज आला, "शाबास! आता बास कर!"

तिथंच थांबायचं होतं. पण इतक्या वर्षांनी समोर प्रेक्षक मिळालेला, म्हाताऱ्याला राहवलं नाही. शेवटची किंकाळी फोडून तो काचांमध्ये उताणा पडला आणि सिनेमातल्यासारखंच अदबीनं म्हणाला, "साहेब, आणखी काही आणू?"

जाड्या हसला. पोट धरून, खदाखदा हसला. तोंडावर हात ठेवला, तरी हसू आवरेना.

दार उघडलं. भावोजींना काहीही विचारावं लागलं नाही. पाइप हिसकावून पहिला तडाखा त्यांनी जाड्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडलं, दात घशात गेले. दुसरा त्याच्या गुडघ्यावर बसला. जाड्या फरशीवर लोळत "भावोजी, नको" म्हणत राहिला. त्यांनी म्हाताऱ्याचा उजवा हात पायाखाली दाबून धरला आणि पाइप घातला. हाड कडकन मोडलं. म्हाताऱ्याच्या तोंडून या वेळी आवाजच फुटला नाही.

"उद्या खोली रिकामी पाहिजे," म्हणत भावोजी जिना उतरले.

जाड्या रक्त थुंकत सरपटत म्हाताऱ्यापाशी गेला. "माझ्यामुळं झालं," म्हणून तो हुंदके देऊ लागला.

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मोडका हात छातीशी धरून त्यानं विचारलं, "तू कशाला हसलास? पडण्याला की वाक्याला?"

"वाक्याला."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. "डायरेक्टर ते वाक्य कापणार होता," तो म्हणाला. "मी भांडून ठेवायला लावलं."