रुद्रप्पाच्या बागेतलं करडू

“हिंमत असंल तर सोड शेरडं बागंत!” काल रुद्रप्पानं असं डिवचलं, आन आमच्या येड्या मालकानं, सिद्धाप्पानं, खरंच सोडली. मी त्याच कळपातलं करडू बोलतोय. शिंगं आत्ता कुटं फुटायलीत, पर धडका लई मारतो.

कळप रानात बसवला की शेताला फुकट लेंडीखत. म्हनून डाळिंबवाल्या रुद्रप्पानंच आमाला बोलावलं हुतं. खाली छाटलेल्या फांद्या पडल्यावत्या. सिद्धाप्पानं आदी इचारलं हुतं की, “औषीद मारलंय का रं?”

“निंबोळी अर्क हाय. भ्यालास व्हय?”

मी मालकाचा पटका चघळला म्हनून मला खुंट्याला बांदलं. बाकीची शेरडं बांधावरच्या गवताला लागली, आयनं मातर त्या फांद्यांचा पोटभर पाला खाल्ला.

आज सकाळी आय आडवी. तोंडाला फेस, पाय लटलटायलेत. जनावरांच्या डॉक्टर देवयानी मॅडम गाडीवरनं आल्या. “रुद्रप्पा, काय फवारलंत? डबा दाखवा.”

“सांगिटलं न्हवं? निंबोळी अर्क.”

“निंबोळीनं असं होत नाही. विष कुठलं ते कळलं, तर त्यावरचं इंजेक्शन देता येईल. लवकर बोला!”

रुद्रप्पा अंगठ्यानं माती उकरतोय. एरवी पारावर बसून दिसभर टकळी चालवतोय गडी. मी दावं ताणतोय, गोल गोल फिरतोय, ओरडतोय. अरं बोल की! माजी आय मरायलीय!

तेवढ्यात त्याची बायकू चंद्रव्वा पेला घेऊन खोपटातनं आली. “सिद्धाप्पानं पहाटं हिचंच दूध दिलंवतं. नात रडायलीय, पाजू का?”

रुद्रप्पा असा पळाला, असा पळाला! फटकन पेला उडवला. माज्या वाटचं दूध मातीत गेलं.

“पाजू नगंस!”

“का रं?” सिद्धाप्पा म्हनला. “निंबोळीच हाय न्हवं?”

रुद्रप्पा माज्या आयजवळ येऊन बसला.

“न्हाय. डब्यावर लाल तिरकोन असलेलं औषीद हाय, लई जहरी. डाळिंबावर मारायची परवानगीच न्हाय त्याला. खोडकिडा मरंना म्हनून परवा मारलं. खरं बोललो असतो तर तू शेरडं सोडली नसतीस, सिद्धाप्पा. मॅडम, डबा हिरीवरल्या पान्याच्या मोटारीच्या खोलीत दडवलाय. आनतो. मीच इख घातलं हिला.”