मॅचच्या आधी पाणी नाय

शेवंताला राग यायला एरवी कारण लागत नसे, पण या वेळी कारण होतं आणि चांगलं घसघशीत होतं. लालबागच्या चाळीतला कबड्डीचा मास्तर, तो धोंडू, त्यानं तिच्या शांतीला समुद्रात पोहायला बंदी घातली होती. बंदी कुणाला, तर कोळणीच्या पोरीला! आणि का, तर परवा परळच्या मैदानात फायनल आहे म्हणून.

"मॅचच्या आधी पाणी नाय," धोंडूनं सगळ्या मुलींना बजावलं होतं. "पाण्यान आंग सैल पडता. तळवे मऊ जातत आणि मातीत सालपटा निघतत. जी पाण्यात उतरात ती भायर बसात. मग ती कोणाचीय चेडू असू दे."

माशांची पाटी खाली ठेवून शेवंता तिथेच उभी होती. वरळीच्या कोळीवाड्यातून ती वर्षानुवर्षं या चाळीत मासे घेऊन यायची, म्हणून तर शांतीला या टीममध्ये जागा मिळाली. कोळीवाड्यात मुलींची टीमच नव्हती.

"अरे धोंडू," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माजी पोर चालाया लागली त्याच्या आधी पान्यान पोवत होती. दर्यानं मऊ पडायला ती काय पाव हाय?"

मुली फिदीफिदी हसल्या. धोंडू नाही हसला. "शेवंताबाय, मासळी तुझी, टीम माझी," एवढंच म्हणून त्यानं शिट्टी वाजवली.

आता त्याचंही खरं होतं, हे शेवंतालाही आतून कळत होतं. गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं होतं. गिरणीच्या टीममध्ये ज्याची पकड म्हणजे घोरपडीची पकड म्हणायचे, तो माणूस आता सकाळ-संध्याकाळ चाळीमागच्या पटांगणात सात-आठ पोरींना घाम गाळायला लावत होता. गिरणीचं फाटक बंद, घरात चूल अर्धी, पण या पटांगणात त्याचा शब्द चालायचा. तो त्यानं जपला तर त्यात नवल काय? पण कळणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. शेवंताच्या घराण्यात गप्प कुणी बसलेलं नव्हतं.

शिवाय या फायनलमध्ये तिचा जीव अडकला होता. मुंबईच्या संघाची निवड करणारी माणसं सामना बघायला येणार होती. संघात नाव लागलं की रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी मिळायचा रस्ता मोकळा. पाटीची शेवंताला लाज नव्हती, उलट दिमाख होता. पण आपण ती दुसरं काही नव्हतं म्हणून उचलली, पोरीनं तशी उचलू नये, एवढंच तिचं म्हणणं. उचलायचीच तर हौसेनं उचल, बाय!

फायनलच्या दिवशी पहाटे शांती ओट्यावर गुडघ्यात मान घालून बसली होती.

"काय झाला गो?"

"आये, दमच बसत नाय. कबड्डी-कबड्डी म्हनायला लागले की छातीत धडधडतं. रोज पोवते ना, तवा कसं मोकळं वाटतं."

झालं! शेवंता उठली, खोबरेल तेलाची बाटली आणली. हिवाळ्यात दर्यात उतरायचं तर अंगाला तेल चोळायचं, हे तिच्या आईनं तिला आणि आजीनं आईला केलेलं. थंडी बाधत नाही, मीठ कातडीला चावत नाही. दंड, पाठ, मांड्या, पोटऱ्या, तिनं चांगलं रगडून तेल जिरवलं.

"आये, सर काय म्हनतील?"

"सरला सांगनार कोन? दर्या?"

शांती लाटांत शिरली आणि शेवंता काठावर उभी राहून बघत राहिली. काय पोरगी होती! एका श्वासात खाली गेली ती पार होड्यांच्या पलीकडे वर आली. बाजूला जाळं सोडवत बसलेल्या नवऱ्याला, हरेश्वरला, शेवंता म्हणाली, "बघा. हा दम. यो दम कोन्त्या मास्तरानं शिकवलाय?" तिची छाती अशी काही फुगली होती की हरेश्वरनं वाद घालायचा विचारच सोडला.

दुपारी धोंडूच्या चाळीसमोरचं परळचं मैदान माणसांनी भरून गेलं. संपकरी, त्यांच्या बायका, चाळींच्या गॅलऱ्यांत लोंबकळणारी पोरं, सगळा गिरणगाव लोटला होता. तिकीट नव्हतं आणि हातात वेळच वेळ होता. शेवंता हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून अगदी रेषेला लागून बसली.

सामन्याआधी पंच मुलींची तपासणी करायला आल्या. नखं बघितली, अंगठ्या-बांगड्या बघितल्या. शांतीच्या दंडावरून बोट फिरवलं आणि थबकल्या. पुन्हा फिरवलं. मग ते बोट रुमालाला पुसत म्हणाल्या, "अंगाला तेल आहे. खेळता येणार नाही."

कबड्डीत अंगाला तेल लावायला सक्त मनाई. पकडणाऱ्याचा हात निसटतो ना! हे लालबागेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या शेवंताला; शांतीला ठाऊक होतं, पण दर्यानं तेल धुऊन नेलं असं तिनं धरलं होतं.

धोंडू पुढे आला. त्यानं शांतीच्या केसांकडे बघितलं, वास घेतला. खारा वास तो कसा लपणार?

"पाण्यात गेलेलंस?"

नाही म्हणाली असती तर कुणी काय केलं असतं? पण शांती सरळ बघत म्हणाली, "गेले होते, सर." आणि आईकडे एकदाही वळून बघितलं नाही. तेल कुणी लावलं, याबद्दल तोंडातून अवाक्षर नाही.

ते शेवंताला सहन झालं नाही. ती उठली आणि भर मैदानात रेषा ओलांडून आत गेली.

"मी धाडली तिला. तेलबी मीच लावलं, या हातांनी. चुकले मी, मास्तर. माज्या तोऱ्यापायी पोरीला बाहेर बसवू नको. वाटलं तर मला चार लोकांत काय बोलायचं ते बोल."

शेवंता चुकले म्हणते, हे ऐकायला मिळेल असं तिच्या गिऱ्हाइकांना सात जन्मांत वाटलं नव्हतं. धोंडूच्या जबड्याची शीर उडत होती. जी पाण्यात उतरेल ती बाहेर, हा त्याचाच शब्द होता आणि तो सगळ्या मुलींनी ऐकला होता.

त्यानं पंचांना विचारलं, "तेल काढलं तर?"

"मध्यंतरापर्यंत अंग कोरडं आणि स्वच्छ हवं. तोवर बदली खेळाडू घ्या."

धोंडूनं एकदा मान खाली घातली. मग चाळीकडे तोंड करून असा ओरडला की गॅलऱ्यांतली पोरं दचकली.

"सुभद्रा! पाणी आण गो! होता नव्हता तेवढा पाणी आण!"

मॅचच्या आधी पाणी नाय म्हणणारा माणूस पाणी मागत होता! चाळीत नळाला पाणी यायचं ते पहाटे, घटकाभर. पिंपात भरलेलं ते उद्या पहाटेपर्यंत पुरवायचं. कळशी कुणी उसनी मागितली तरी भांडण व्हायचं, असं ते पाणी. पण त्याची बायको सुभद्रा पदर खोचून धावली, आणि तिच्यामागून अख्खा मजला. हंडे आले, कळश्या आल्या, कुणी तर पिंपच दोघींनी धरून आणलं. बोंबिलाच्या वाट्यासाठी शेवंताशी रोज हमरीतुमरीवर येणारी कौसल्या शेगडीतली राख घेऊन आली.

"तेलकट भांडी निघतात, तर पोरगी का नाही निघणार?" कौसल्या म्हणाली. कुणी कपड्याच्या साबणाचा उरलेला तुकडा दिला. संपाच्या दिवसांत साबणाचा तुकडासुद्धा कपाटात ठेवायची वस्तू झाली होती.

बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला आणि शेवंतानं पोरीला घासायला घेतलं. सकाळी ज्या हातांनी तेल जिरवलं, त्याच हातांनी ते आता काढत होती. हंड्यामागून हंडा रिकामा होत होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड चालूच. "वर कर हात. फीर. अगं फीर ना, मेल्ये!"

शांती बाहेर आली तेव्हा मध्यंतर झालं होतं आणि आपली टीम मागे पडली होती. धोंडू तिच्यासमोर मातीत बसला, अंगातला सदरा काढून तिचे पाय कोरडे केले आणि तळव्यांना सुकी माती चोळायला लागला.

"सर, पाय नका ना धरू."

"गप रव. मऊ पडलेत."

पंचांनी दंडावरून बोट फिरवलं. रुमालाला पुसायची गरज पडली नाही.

पुढचं काय सांगावं! शांती चढाईला गेली की मैदान श्वास रोखून धरायचं आणि तिचा दम मात्र सुटायचा नाही. एकेक करत मागचे गुण भरून निघाले. शेवटच्या चढाईला दोन्ही बाजू सारख्या होत्या. समोरच्या दोघींनी तिचा घोटा धरला, तिसरी कमरेला लोंबली. शांती आडवी पडली. आता सुटला दम, असं सगळ्यांना वाटलं, आणि तेवढ्यात मातीतून आवाज येत राहिला, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. इंच इंच सरकत तिची बोटं मधल्या रेषेला टेकली. तिघी बाद!

धोंडू लहान पोरासारखा नाचला. निवड समितीतल्या बाईंनी शांतीला जवळ बोलावून तिचं नाव-गाव विचारून घेतलं आणि सोमवारी मुंबईच्या संघाच्या सरावाला यायला सांगितलं. शेवंता ज्याला त्याला धरून सांगत होती, "माजी पोर! बघितली ना? माजी!"

सांगता सांगता तिची नजर चाळीच्या जिन्याकडे गेली. सुभद्रा आणि कौसल्या रिकामे हंडे घेऊन वर चढत होत्या. हंडे नुसते वाजत होते. यांच्या घरी आज भात कशात शिजणार? पोरांना रात्री प्यायला काय देणार? आणि एकीच्याही तोंडून त्याबद्दल शब्द आला नव्हता. शेवंता बोलायची थांबली आणि पोरीला घेऊन घराकडे निघाली.

दिवेलागणीला लालबागेत कोळीवाड्यातला मासळीच्या बर्फाचा टेम्पो शिरला. मागे खचाखच कोळणी उभ्या, नऊवारी कासोटे, डोक्यांत फुलं आणि प्रत्येकीपुढे घासून लख्ख केलेला तांब्याचा हंडा. कोळीवाड्यातल्या गोड्या विहिरीचं पाणी काठोकाठ भरलेलं. टेम्पो थांबला तशा एकेक करत उतरल्या, हंडे डोक्यावर घेतले आणि रांगेनं चाळीचा जिना चढू लागल्या. सगळ्यांत पुढे शेवंता. तिच्यामागे मुंबईच्या संघाची शांती, सबंध अंग ठेचकाळलेलं, पण डोक्यावरच्या हंड्यातला थेंब सांडत नव्हता.

कौसल्येनं दार उघडून आधी हंडा न्याहाळला. मग म्हणाली, "मासळीचा वास नाही ना येत?"

"आला तर भाताला तेवढीच चव," शेवंता म्हणाली आणि तिच्या पिंपात हंडा उपडा केला.

खाली टेम्पोजवळ धोंडू एकेक हंडा उचलून कोळणींच्या डोक्यावर देत होता. शेवंता परत आली तेव्हा तिच्याकडे न बघताच म्हणाला, "उद्यापासून पोरींका दर्यावर घेऊन येतंय. सगळ्यांका. शिकव पोवूक."

"आन मॅचच्या दिवशी?"

धोंडूनं पुढचा हंडा उचलला. "मॅचच्या दिवशीय पोवूंदे," तो म्हणाला. "तेल तेवढा माझ्याकडे ठेव."