बॅगेची गवसणी

वल्लरीनं बोनसमधून बॅग घेतली, तेव्हा घरातला पहिला प्रश्न बाबांचा होता.

"यात डबा मावतो का?"

"बाबा, ही डब्याची बॅग नाहीये."

"मग डबा कशातून नेणार?" गोपाळकृष्णांनी बॅगेवरचं इटालियन नाव वाचायला घेतलं, अर्ध्यात सोडलं आणि ते पुन्हा पेपरात शिरले.

डब्यासाठी वल्लरीनं ती घेतलीच नव्हती. खराडीतल्या तिच्या कंपनीच्या कँटीनमध्ये खिडकीशी एक टेबल होतं. तिथे बसायला कुणालाही मनाई नव्हती, पण बसत फक्त चैताली आणि तिच्या मैत्रिणी. चैताली वल्लरीच्या साहेबाची साहेब. त्या टेबलाभोवती बॅगांना स्वतंत्र खुर्च्या असत आणि ताट घेतलेली माणसं जागा शोधत फिरत. प्रोजेक्ट कुणाला मिळालं हे मीटिंगमध्ये जाहीर होई. ठरे मात्र तिथे, डाळभात कालवताना. वल्लरीला त्या टेबलाशी बसायचं होतं. बॅग हे तिकीट होतं.

आईनं बॅग एकदाच हातात घेतली, उलटी केली, आतून बघितली आणि ठेवून दिली. नीरजाबाईंनी मुलींच्या शाळेत सगळी नोकरी शिवण शिकवण्यात काढली होती. अर्धी पेठ त्यांना अजून शिवणाच्या बाई म्हणूनच ओळखे. निवृत्तीनंतर शिकवायला मुली उरल्या नाहीत, तेव्हा त्या घरातल्या वस्तूंकडे वळल्या. मिक्सरला गवसणी, पेटीला गवसणी, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा गवसणी. त्या घरात उघडी अशी फक्त माणसंच होती.

तेव्हा दोन दिवसांत बॅगेलाही गवसणी आली, यात नवल नव्हतं.

"स्कूटरवर स्वारगेटपर्यंत जातेस, पुढे कंपनीची बस. धूळ किती बसेल! वरून ही घाल."

वल्लरी ऑफिसच्या फाटकाशी गवसणी काढून घडी करी आणि बॅगेच्या तळाशी दडपी. पहिल्या दिवशी तिनं बॅग चैतालीच्या टेबलासमोरून मुद्दाम सावकाश नेली.

"नाइस," चैताली म्हणाली. "मागच्या सीझनची ना?"

हंगाम आंब्यांना असतो हे वल्लरीला माहीत होतं. बॅगांनाही असतो हे तिला त्या दिवशी कळलं. ती आपल्या जुन्या टेबलाशी जाऊन गुपचूप जेवली.

मग एके दिवशी बस उशिरा पोचली. वल्लरी फाटकातून धावतच मीटिंगला गेली, तिथून थेट कँटीनमध्ये आली आणि गवसणी काढायची राहून गेली.

"थांब, थांब," चैतालीनं तिला हात धरून थांबवलं. "ही कुठली?"

ओटीत मिळणारे खण प्रत्येक घरात असतात. त्यांचे ब्लाऊज कधीच होत नाहीत. ते हळदीकुंकवाच्या वाटेनं या घरातून त्या घरात फिरत राहतात. या गवसणीसाठी आईनं ते फिरणं थांबवलं होतं. गुंजेसारखा लाल, अंजिरी, मोरपंखी असे तुकडे तिनं असे जोडले होते, की एका खणाचा काठ दुसऱ्याच्या काठात जाऊन मिळे. सगळ्यावरून गोधडीचा धावदोरा, तांदळाच्या दाण्याएवढा, कुठे न चुकलेला, पण हातानं घातलाय हे कळावं इतपत जिवंत. काजं हातची, धरायला खणाचेच बंद. बटणं बाबांच्या लग्नातल्या कोटाची.

"एक… डिझायनर आहे," वल्लरी म्हणाली.

"नाव काय?"

"नाव घालत नाही ती. ऑर्डरही घेत नाही. ओळखीतल्यांपुरतंच करते."

यातला 'डिझायनर' सोडला तर शब्द न् शब्द खरा होता, म्हणून तर थाप इतकी छान बसली. चैतालीनं स्वतःची बॅग खुर्चीवरून उचलून जमिनीवर ठेवली.

"बस ना."

वल्लरी बसली. दुसऱ्या दिवसापासून इटालियन बॅग कपाटात राहू लागली आणि गवसणीतून डबा जाऊ लागला. बाबांना वाटलं, मुलगी सुधारली.

पण टेबलाशी बसलं की टेबलाचं ऐकावं लागतं. "मला भेटायचंच तुझ्या डिझायनरला," चैतालीनं धोशा लावला. डिझायनर गावाला गेली, डिझायनरला ताप आला, डिझायनरच्या घरी पाहुणे आले. शेवटी चैताली म्हणाली, "नव्या प्रोजेक्टसाठी तुझं नाव सुचवतेय मी. आणि तू मला एक पत्ता देत नाहीस?"

वल्लरीनं पत्ता दिला. घरचाच.

शनिवारी संध्याकाळी ती आईभोवती घोटाळली. "आई, उद्या सकाळी मावशीकडे जाऊन येतेस? ऑफिसातली एक जण येणारेय. मी सांगेन तिला, डिझायनर बाहेर गेलीय म्हणून…"

मग सगळंच सांगावं लागलं. आई सुईत दोरा ओवत होती. तो ओवून झाल्यावर तिनं मान वर केली.

"म्हणजे आता माझ्यावरही गवसणी घालायचीय?"

ती मावशीकडे गेली नाही. सकाळी दार तिनंच उघडलं. खांद्यावर टेप, पदराला दोऱ्याचे तुकडे.

"नमस्कार. डिझायनर मॅडम आहेत?" चैतालीनं विचारलं.

आईनं वल्लरीकडे पाहिलं आणि ती नुसती उभी राहिली. वर्गातसुद्धा ती कधी उत्तर सुचवत नसे.

वल्लरीच्या डोळ्यांपुढून खिडकीचं टेबल गेलं, प्रोजेक्ट गेलं.

"डिझायनर कुणी नाहीये," ती म्हणाली. "ही माझी आई. हिला सगळे शिवणाच्या बाई म्हणतात. ती गवसणी हिनं शिवलीय, बॅगेला धूळ लागू नये म्हणून. मी थाप मारली."

चैतालीनं मिक्सरकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, रिमोटकडे पाहिलं. मग कॉटवर पडलेली वल्लरीची गवसणी घेतली आणि उलटी केली.

"ही आतूनही बाहेरच्यासारखीच आहे," ती हळूच म्हणाली.

"आत बघणारी तू पहिलीच," आई म्हणाली. "बैस. रोज काय काय नेतेस? ओत इथे."

चैतालीची बॅग कॉटवर रिकामी झाली. डोकेदुखीच्या गोळ्या, लेकीची रिबीन, चुरा झालेली बिस्किटं.

"डबा?"

"ड्रायव्हरकडे असतो, काकू. बॅगेला तेल लागतं."

"बघा," पेपराआडून बाबा म्हणाले.

"अहो, तुम्ही गप्प बसा." आईनं सगळं नीट लावून त्यावर टेप धरला. "एवढ्याला पुरेल अशी होईल. पण मी शिवून देणार नाही, शिकवीन. पुढच्या रविवारपासून ये. आधी उसवायचं."

"उसवायचं?"

"जिला उसवता येत नाही, तिला शिवता येत नाही."

चैतालीला कुणी असं सांगून बरीच वर्षं झाली असावीत. ती "हो बाई" म्हणाली.

पुढच्या रविवारी ती आली. तिनं दोन तास जुनी उशी उसवली आणि बोटाला सुई टोचून घेतली. जाताना थापेबद्दल ती एवढंच म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस तर मी खुर्ची दिली नसती. खरंय." प्रोजेक्टचा विषय दोघींनीही काढला नाही.

सोमवारी टेबलाशी एक नवी मुलगी होती. तिची नजर गवसणीवर गेली. "वॉव, कुठला ब्रँड?"

बोटाला पट्टी बांधलेली चैताली डाळभात कालवत राहिली; तीही उत्तर सुचवणार नव्हती.

"माझ्या आईनं शिवलीय," वल्लरी म्हणाली, शेजारच्या टेबलालाही ऐकू जाईल अशा आवाजात. मग डबा बाहेर काढून तिनं गवसणी त्या मुलीच्या हातात दिली. "इतकी जपून नको धरूस. उलटी करून बघ."