माझ्या पानांत नसलेले डुमिंगकाका

मी एक जुनी कादंबरी आहे. माझी गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी लिहिली गेली. ही प्रत मात्र चाळिशीतली. पाठीला चिकटपट्टी आहे, शेवटच्या पानाचा कोपरा गायब आहे. पण मित्रांनो, ताठा विचाराल तर तो कालपरवापर्यंत अगदी शाबूत होता.

त्याला कारण माझा लेखक. हा माणूस जहाजावर खलाशी होता, देशोदेशी हिंडला, बर्फाळ रानात शिकाऱ्यांबरोबर तीन हिवाळे काढून पायाची दोन बोटं तिथेच ठेवून आला. जे पाहिलं तेच लिहिलं, पदरचं काही घातलं नाही, असं त्याने पहिल्याच पानावर छापून टाकलं आहे. माझा नायक रानात वाट चुकतो आणि शंभर दिवस एकटा राहतो. त्या दिवसांत त्याला एकही माणूस भेटत नाही. लोक मला वाखाणतात ते याच भागासाठी.

एका इंग्रज इंजिनियरने मला आखातात, रुवैसच्या तेल रिफायनरीवर आणलं आणि निवृत्त होताना तिथेच टाकलं. कामगारांच्या क्वार्टर्समधल्या कपाटात मी सात वर्षं कॅरमच्या पावडरीशेजारी पडून होते. कुणी हात लावला नाही. मग एके दिवशी स्टॅनलीने उचललं.

स्टॅनली वसईचा. कँटीनचं स्टोअर सांभाळतो. बायको सँड्रा शारजाला दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. ती आणि दहा वर्षांची लेक इसाबेल तिथल्याच अल मजाज भागात फ्लॅटमध्ये राहतात. वाट चार तासांची, म्हणून हा पंधरा दिवसांनी घरी जातो. एरवी रोज संध्याकाळी सातला मला मांडीवर घ्यायचं आणि फोनवरून लेकीला गोष्ट सांगायची, असा त्याने नेम धरला.

इंग्रजी त्याचं बेताचं. एक ओळ वाचायची, अर्थ लावायचा, मराठीत सांगायची. त्या शंभर दिवसांशी येऊन मात्र तो अडला. पान उघडंच होतं, आणि हा सांगतो काय, "मग बाय, झाडामागून कोण आलं ठाऊक आहे? आपल्या निर्मळ गावचे डुमिंगकाका. कमरेला कोयता, पिशवीत सुके बोंबील."

"इन द स्नो?" तिकडून इसाबेल खिदळली.

"मग काय. म्हणाले, पोरा, एकटा कशाला बसलास? चूल पेटव."

माझा नुसता संताप झाला. डुमिंगकाका माझ्या एकाही पानात नाहीत. पण ते रोज येऊ लागले. त्यांनी अस्वलाला हाकललं, बर्फात वालपापडी लावली, नायकाच्या तापावर काढा दिला. मला मांडीवर घेऊन माझ्याच तोंडावर खोटं बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग इसाबेलला शाळेने एखादी जुनी, नावाजलेली कादंबरी वाचायला सांगितली. स्टॅनली मोठ्या हौसेने मला घरी घेऊन गेला. लेक आता आपल्यापेक्षा चांगलं इंग्रजी वाचते, हे बिचाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही. तिने दीड दिवसात माझा फडशा पाडला आणि रविवारी जेवताना मला त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"पप्पा, देअर इज नो डुमिंगकाका. ही इज अलोन. द होल टाइम."

"असेल बघ पुढे कुठेतरी."

"आय फिनिश्ड इट. यू मेड इट अप."

सँड्रा हसली. "अगं, पप्पांना एवढं इंग्लिश कुठे येतं?"

थट्टाच होती ती. स्टॅनलीही हसला, पण त्याचे कान लाल झाले. आणि खरं सांगते मित्रांनो, मला आनंद झाला. चांगली खोड मोडली, असं वाटलं.

रुवैसला परतल्यावर त्याने मला इंग्रजीतच, बोट ठेवून, जसंच्या तसं वाचायला घेतलं. तीन ओळींत चारदा अडखळला. इसाबेलने दोनदा उच्चार सुधारले, मग म्हणाली, "इट्स ओके पप्पा, आय हॅव रेड इट." त्यानंतर फोन दोन मिनिटांचा झाला. जेवलीस का? येस. अभ्यास? डन. खलास.

मी मांडीवरून खिडकीत गेले. तिथून रिफायनरीची ज्योत दिसते आणि पलीकडे नुसती वाळू. खोलीतला दुसरा माणूस, याकूब, सुट्टीवर गावी गेला होता. स्टॅनली खाटेवर बसून हातातल्या फोनकडे बघत राही. माझे शंभर दिवस मी तेव्हा पहिल्यांदा समोर पाहिले. माझ्या लेखकाला जे कळायला दोन बोटं द्यावी लागली, ते या स्टोअरवाल्याला आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर त्या पोराला रानात एकटं सोडणं त्याला जमलं नाही. मला माझ्या आनंदाची लाज वाटली.

अशा नऊ संध्याकाळी गेल्या. दहाव्या दिवशी त्याने फोन लावायच्या आधीच तो वाजला.

"पप्पा, डुमिंगकाका वॉज ऑन द रिव्हर. द आइस वॉज ब्रेकिंग. यू स्टॉप्ड देअर."

"अगं, ते पुस्तकात नाही, बाय."

"आय नो. म्हणून तर मला वाचता येत नाही. यू हॅव टु टेल."

स्टॅनलीने घसा साफ केला. सवयीने माझ्याकडे हात नेला, मग मागे घेतला, आणि सांगू लागला.

तेव्हापासून मला कुणी उघडलेलं नाही. एकटं वाटतं, नाही कशाला म्हणू. पुस्तकांवरची धूळ पुसत जा, पानं दुमडू नका, हे तर मी सांगणारच. पण माझी खरी विनंती दुसरी आहे. कुणी तुम्हाला गोष्ट सांगत असेल, तर ती पुस्तकाशी ताडून पाहायची घाई करू नका. त्याला आणखी थोडं सांगू द्या. आम्ही पुस्तकं कपाटात शंभर वर्षंही वाट पाहू. सांगणाऱ्याने फोन ठेवला, की त्या खोलीत त्याच्याजवळ डुमिंगकाकाही नसतात.