मोहरीएवढा पिवळा ठिपका

मित्रांनो, मी एक म्हातारा हात आहे. वय विचाराल तर हसाल: अवघा दीड दिवस! पण ज्या पेशीच्या अंगावर मी उगवलो, तिच्या आयुष्यात एवढ्यातच केस पिकतात. ती रक्तातली पांढरी पेशी, जंतूंशी लढणारी. मी तिचा भिंत धरायचा हात. शास्त्राच्या पुस्तकात मला इंटिग्रिन म्हणतात.

माझी घडण साधी. प्रथिनाच्या दोन लांब साखळ्या, एकमेकींना बिलगलेल्या. वर पंजा, मध्ये गुडघा, खाली पेशीच्या आत शिरलेलं शेपूट. एरवी मी गुडघ्यात डोकं घालून बसतो. आतून शेपूट ओढलं गेलं, की ताडकन उभा राहतो आणि पंजा उघडतो.

पण दोघी असल्या तरच. मी जन्मलो त्या घरी दुसरी साखळी नीट घडतच नव्हती. कितीतरी पहिल्या साखळ्या जोडीदारणीची वाट बघत पेशीच्या आतच विरून गेल्या. बाहेर पोचलो आम्ही शंभरांतले तीन-चार.

ते घर म्हणजे पाच वर्षांची भिंगरी. एका जागी बसत नाही म्हणून आईनं ठेवलेलं नाव. तिचा घोटा पत्र्यानं कापला होता.

जखम झाली की जवळच्या रक्तवाहिनीची भिंत हाक देते. पांढऱ्या पेशी भिंतीला घासत, घरंगळत हळू होतात. मग आम्ही भिंत घट्ट धरायची आणि पेशीनं फटीतून पलीकडे उतरायचं. इथे पेशी लाखोंनी यायच्या, पण धरायला हात नाहीत. भिंत चाटून वाहत जायच्या, फिरून पुन्हा त्याच दाराशी. त्यांचा सूर अजून माझा पिच्छा सोडत नाही: आले, आले... गेले. आले, आले... गेले.

पलीकडे जंतू पाय पसरून बसले होते. आणि बाहेरून भिंगरीच्या आईचा आवाज यायचा. ती शिवणकाम करायची. रोज उकळलेल्या कापडाची पट्टी बांधायची.

"बघ, कशी आरशासारखी जखम! तीन आठवडे झाले, पूचा टिपूस नाही."

"मग भरत का नाही गं?" भिंगरीनं विचारलं.

"भरेल. गुणाची जखम आहे."

मला ओरडावंसं वाटे. अहो, पू म्हणजे लढून पडलेल्या पांढऱ्या पेशीच! पू नाही, कारण कुणी पोचलंच नाही.

आज सकाळी आमची पेशी दाराशी आली. शेपूट ओढलं गेलं. मी उभा राहिलो. शेजारचा हात निसटला, त्याच्या पलीकडचाही. मी धरलं. रक्त मागून रेटत होतं, तरी सोडलं नाही. पेशी चपटी झाली, फटीतून उतरली. आमच्यासारख्या आणखी थोड्या आल्या. दुपारपर्यंत लढलो आणि संपलो. आता बोलतोय तो मेल्यानंतर, एका पिवळ्या ठिपक्यातून.

जखम भरेना म्हणून आई अखेर भिंगरीला दवाखान्यात घेऊन आली. आधी रक्त तपासलं, मग पट्टी सुटली. आई दचकली. "अगं बाई, पू! माझ्या हातून काय चुकलं?" ती पुसायला वाकली.

म्हाताऱ्या सिस्टरनी तिचं मनगट धरलं. "थांबा. तीन आठवड्यांत एवढाच? मोहरीएवढा?" त्यांनी रक्ताचा कागद पुन्हा पाहिला. "पांढऱ्या पेशी चौपट आहेत. मग जखमेत का नाहीत? हिची नाळ कधी पडली होती हो?"

"आता नाळ कुठं काढता? घोडी झाली ती," आई हसली. "सव्वा महिना चिकटून होती. सासूबाई म्हणायच्या, पोरीला आईला सोडवत नाही."

सिस्टर हसल्या नाहीत. नाळ एरवी पंधरवड्यात पडते; ती सुटायलाही याच पेशी लागतात. त्यांनी शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: पेशींवरचे हात मोजा, आजच.

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे मी तीन आठवडे हसत होते, ते..."

"तुम्ही स्वच्छ ठेवलंत, म्हणून ती इथवर आली. आता उठा, गाडी मिळेल."

"मी पळत जाऊ?" भिंगरीनं विचारलं. आईनं तिला उचलून घेतलं. असं घट्ट, की मला माझी सकाळ आठवली.

मित्रांनो, जखम स्वच्छ ठेवा. पण जी भरतही नाही आणि बोलतही नाही, तिला गुणाची म्हणू नका. कुणाला तरी दाखवा. आणि पुसण्याआधी नीट बघा.

मला कापसात गुंडाळून डब्यात टाकलंय. भिंगरी लांब गेली, तरी तो सूर येतोच आहे. त्या पेशी अजून दाराशी फिरतायत. आले, आले...