काचेआडचा हातमाग

मी एक जुना हातमाग आहे, मित्रांनो. राजधानीच्या जुन्या बाजारात एक उंच काचेची इमारत आहे. तिथल्या कापडाच्या दुकानात, दर्शनी काचेमागे मी उभा असतो. लोक माझ्याबरोबर फोटो काढतात. बघणाऱ्याला वाटावे, याचे किती छान चालले आहे.

माझा जन्म इथला नाही. दूरच्या एका गावी सुताराने मला घडवले, तेव्हा माझ्यावर विणणाऱ्या काकू नव्या नवरी होत्या. त्यांचा नवरा लवकर गेला आणि घरात कमावणारे दोघेच उरलो, काकू आणि मी. त्यांची लेक माझ्या पायपट्ट्यांजवळ रांगायला शिकली. माझा ठोका थांबला की ती रडायची. काकूंची शाल आईने पांघरावी आणि पुढे लेकीने वापरावी, अशी टिकायची. लोक नावाजायचे, तेव्हा मी उगाचच जरा जास्त करकरायचो.

लेक लग्न होऊन राजधानीत गेली. जावई याच दुकानाचा कारभार बघायचा. एके दिवशी तो टेम्पो घेऊन दारात आला.

"आई, तिकडे लोकांना हातचं काम बघायचं असतं. थोडे महिने विणा, लेकीजवळ राहा. मग तुम्हाला आणि मागाला मीच परत आणून सोडतो."

काकूंनी मला चादरीत गुंडाळले आणि माझ्याशेजारीच बसून त्या निघाल्या.

राजधानीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका ओट्यावर तांबट भांडे ठोकत होता आणि त्याच्या डोक्यावर मोबाइलची भलीमोठी जाहिरात लुकलुकत होती. काकू काचेमागे बसून विणू लागल्या. बाहेर गर्दी जमे. दिवसाकाठी कापड जेमतेम वीतभर व्हायचे. मागच्या फडताळात मात्र शालींचा ढीग वाढतच होता. प्रत्येक शालीवर डकवलेल्या चिठ्ठीत माझा फोटो.

"या कुठून येतात रे?" काकूंनी एकदा विचारले.

"गोदामातून," जावई म्हणाला आणि कामाला लागला.

मग एक बाई शाल परत घेऊन आल्या. "पहिल्याच धुण्यात रंग गेला. ही तुम्हीच विणलीत ना?"

काकूंनी शाल बोटांत धरली. ती यंत्राची होती, हे त्यांना कळले. मलाही कळले. जावई जवळ सरकून हळूच म्हणाला, "आई, हो म्हणा. माझी नोकरी जाईल. तुमच्या लेकीला सातवा महिना लागलाय."

काकूंचा एक हात माझ्या लाकडावर होता. "हो," त्या म्हणाल्या, "याच मागावरची आहे. रंग कच्चा निघाला, माफ करा."

"हातमागाची म्हणून विश्वासानं घेतली होती," असे म्हणून त्या बाई माझ्याकडे बघत निघून गेल्या.

मित्रांनो, जावयाने फसवले याचे मला तितके लागले नाही. तो मला कधी ओळखतच नव्हता. पण काकूंनी माझ्यावर हात ठेवून तसे म्हणावे? लेकीपायी म्हणाल्या, हे समजले. सोसले मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी काकू विणायला बसल्या नाहीत. "मला गाडीत बसवून दे. मागही बांध."

"माग राहू द्या, आई. लोक त्याच्यासाठीच येतात."

"मग त्या शालींवरचे याचे फोटो तरी काढून टाक."

जावई गिऱ्हाइकाकडे वळला. अर्धे विणलेले कापड काकूंनी कात्रीने कापून पिशवीत घातले आणि माझ्याकडे न बघता त्या गेल्या.

आता एक पगारी मुलगी माझ्यावर बसते आणि नुसत्या पायपट्ट्या दाबते. माझे धागे डिंकाने चिकटवले आहेत. रोज मला पुसतात, तेल लावतात, वर दिवाही सोडला आहे. याला जपणे म्हणू नका, मित्रांनो. जुन्या वस्तूला जपायचे तर तिला तिचे काम करू द्या आणि तिच्या नावावर भलतेच काही खपवू नका.

कधी या दुकानात आलात, तर एक करा. माझ्यासमोर उभे राहून विकणाऱ्याला विचारा, "ही शाल कुणी विणली?" तो काय सांगतो, ते मलाही ऐकायचे आहे.